चेचेन लोकांना नुसतं 'लढवय्ये' म्हणून मोकळं होऊ नका

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून एका प्रकारचे व्हिडिओ मोबाईलवर सारखे समोर येतात. दाट दाढ्या, काळे युनिफॉर्म, नव्याकोऱ्या रायफली, जोरात घोषणा, आणि ते पुढे पाठवणारे आपल्यातलेच लोक म्हणतात की बघा, ह्यांना म्हणतात लढवय्ये, चेचेन आहेत, ह्यांच्या रक्तातच आहे. मला हे वाचून प्रत्येक वेळी त्रास होतो. कारण त्या व्हिडिओतली माणसं चेचन्यावर मॉस्कोने बसवलेल्या रमझान कादिरोवची आहेत, म्हणजे ज्या रशियन सरकारने दहा वर्षांत दोनदा चेचन्याची राजधानी ग्रोझ्नी जमीनदोस्त केली त्याच सरकारच्या पगारावरची, आणि आपण त्यांनाच चेचेन परंपरेचे वारसदार म्हणून टाळ्या देतोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की चेचेन लोकांची खरी परंपरा कुणालाही मालक न मानण्याची आहे, बंदूक हा तिचा एक भाग होता आणि तोही बऱ्याचदा नाइलाजाने आलेला. 'लढवय्ये' ह्या एका शब्दात सगळं कोंबलं की ती परंपरा दिसेनाशी होते आणि मग तो शब्द कुणीही वापरू शकतो, झारचे सेनापती वापरतात, मॉस्को वापरते, कादिरोवही वापरतो.

चेचेन स्वतःला नोख्ची म्हणतात. घरी पाहुणा आला की त्याला म्हणतात 'मार्शा वोघीला', म्हणजे साधारण 'मोकळा ये'. निरोप देतानाही तोच शब्द येतो, मोकळा राहा. मार्शो ह्या शब्दात स्वातंत्र्य आणि शांतता दोन्ही अर्थ एकत्र आहेत, आणि ज्या भाषेत ह्या दोन गोष्टींना एकच शब्द आहे त्या लोकांना युद्धखोर म्हणताना माणसाने जरा थांबायला पाहिजे असं मला वाटतं. काकेशसमध्ये, म्हणजे रशियाच्या दक्षिणेकडच्या त्या डोंगराळ भागात, आजूबाजूला राजे होते, सरदार होते, शेजारच्या कबार्डियन आणि कुमिक लोकांमध्ये घराण्यांची उतरंड होती, पण चेचेन डोंगरात ते टिकलं नाही. तिथे तेइप होते, म्हणजे कुळं, आणि कुळातल्या वडीलधाऱ्यांची बैठक. ते म्हणतात आम्ही लांडग्यांसारखे मोकळे आणि सारखे. लांडगा त्यांच्या झेंड्यावर आला तो पुष्कळ नंतर, १९९० च्या दशकात, पण म्हण जुनी आहे, आणि तिच्यात 'सारखे' हा शब्द आहे हे लोक विसरतात, नुसता लांडगा लक्षात ठेवतात.

राजा नाही, पोलीस नाही, कोर्ट नाही, मग हिंसेला आवर कोण घालणार, तर आदत, म्हणजे रूढीचा कायदा. खून झाला तर खुनाचा बदला हा त्या कायद्याचा भाग होता हे खरंच आहे, त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही, पण त्याच कायद्यात बदला थांबवायच्या वाटाही होत्या, वडीलधारे मध्ये पडायचे, दोन्ही कुळांना समोरासमोर आणून समेट करायचे. पाहुणा घरात आला की तो शत्रू असला तरी त्याच्या जिवाची जबाबदारी यजमानाची. आणि दोन पुरुष खंजीर काढून एकमेकांवर धावले आणि एखाद्या बाईने डोक्यावरचा रुमाल काढून मध्ये टाकला तर हत्यार खाली घ्यायचं, तिथल्या तिथे. हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शस्त्र असलेल्या समाजाने शस्त्राला कुठे थांबायचं हे शिकवलेलं आहे आणि थांबवायचा हक्क बाईला दिलेला आहे. म्हणून मी म्हणतो की ह्यांच्या परंपरेबद्दल बोलायचं तर खंजिराबरोबर रुमालाबद्दलही बोला.

आता लढायांचा इतिहास. १७८५ मध्ये आल्डी गावच्या उशुर्माने, ज्याला शेख मन्सूर म्हणतात, रशियाविरुद्ध लोक गोळा केले. कर्नल पिएरीची फौज आल्डी जाळून परत निघाली आणि जंगलात घेरली गेली, पिएरी मारला गेला. सहा वर्षांनी अनापाच्या किल्ल्यात मन्सूर पकडला गेला आणि रशियाच्या कैदेतच मेला. हे आल्डी गाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. मग जनरल येरमोलोव्ह आला. त्याने १८१८ मध्ये किल्ला बांधला आणि त्याचं नाव ठेवलं ग्रोझ्नाया, म्हणजे धडकी भरवणारी, आजचं ग्रोझ्नी शहर त्या धमकीच्याच नावाने ओळखलं जातं. पुढच्याच वर्षी दादी-युर्त हे गाव त्याच्या सैन्याने संपवलं. त्या गावच्या कैद केलेल्या मुलींनी तेरेक नदी ओलांडताना पहारेकऱ्यांना मिठी मारून पाण्यात उड्या घेतल्या असं चेचेन लोक पिढ्यानपिढ्या सांगत आलेत.

इथे एक गोष्ट नीट बघितली पाहिजे. १८४० मध्ये चेचेन लोक रशियाशी लढणाऱ्या इमाम शामिलच्या बाजूने उठले ते कशामुळे, तर रशियन अधिकारी गावोगाव फिरून बंदुका जप्त करायला लागले म्हणून. शामिल स्वतः चेचेन नव्हता, दागेस्तानचा अवार होता, आणि त्याच्या नायबांच्या, म्हणजे हाताखालच्या अधिकाऱ्यांच्या, जाचालाही चेचेन गावं वैतागलेली होती. म्हणजे हे काही धर्मवेडाने पेटलेलं टोळकं नव्हतं, शेती-गुरं असलेली माणसं होती जी आधी झारच्या हुकमाला आणि मग स्वतःच्याच इमामाच्या हुकमाला कुरकुर करत होती. आणि रशियाने त्यांना हरवलं ते एकट्या शौर्याने नाही, कुऱ्हाडीने हरवलं. बीच नावाच्या झाडांची घनदाट जंगलं वर्षानुवर्षं तोडत नेली, कारण जंगल होतं तोवर सैन्याला आत शिरता येत नव्हतं. जंगल गेलं, गावं जळाली, लोकांना मैदानात आणून रशियन ठाण्यांच्या नजरेखाली वसवलं, आणि १८५९ मध्ये गुनिबला शामिल शरण गेला.

शामिल शरण गेला पण बायसंगुर गेला नाही. एक हात, एक डोळा, एक पाय लढायांत गमावलेला हा बेनोय गावचा माणूस गुनिबमधून निसटला, परत उठाव केला आणि १८६१ मध्ये त्याला फाशी दिलं. चेचेन घरांत हे नाव देवाच्या खालोखाल घेतलं जातं आणि घ्यायलाच पाहिजे. पण त्याच काळात आणखी एक माणूस होता ज्याच्याबद्दल बाहेर जवळजवळ कुणी बोलत नाही, कुंता हाजी. मेंढपाळ, कादिरी पंथाचा सूफी, आणि तो त्या युद्धाने अर्ध्या मेलेल्या लोकांना सांगत होता की आता पुरे, अजून लढलात तर नामशेष व्हाल, हत्यार खाली ठेवा, झिक्र म्हणजे देवाचं नामस्मरण करा, आपलं जगणं आणि आपल्या चालीरीती जपा. त्याच्या नावावर एक शिकवण सांगितली जाते, की चर्चमध्ये जायला लावलं तर जा, त्या नुसत्या इमारती आहेत, पण तुमची भाषा आणि चालीरीती विसरायला लावल्या तर मात्र शेवटच्या माणसापर्यंत उठा. शांतता शिकवणाऱ्या ह्या माणसाला रशियाने जानेवारी १८६४ मध्ये अटक केली! त्याला सोडा म्हणून त्याचे शिष्य शालीजवळ जमले, नुसते खंजीर हातात घेऊन पुढे गेले, आणि सैन्याने गोळ्या घालून शेकड्याहून जास्त माणसं मारली. कुंता हाजी हद्दपारीत मेला, घरापासून फार लांब. मला विचाराल तर साम्राज्याला बंदुकवाल्यापेक्षा ह्या माणसाची भीती जास्त होती, कारण बंदूक घेऊन येणाऱ्याला मारता येतं आणि वर मेडल पण मिळतं, पण जो म्हणतो की मी तुमच्याशी लढतही नाही आणि तुमचा होतही नाही, त्याचं काय करायचं. आणि त्याचं ते गोल रिंगणात म्हटलं जाणारं झिक्र आजपर्यंत टिकलं, बंदी आली, निर्वासन आलं, तरी टिकलं.

निर्वासन म्हणजे १९४४. २३ फेब्रुवारी हा लाल सेनेचा दिवस, समारंभ आहे म्हणून गावोगाव पुरुषांना चौकात बोलावलं आणि तिथे त्यांना वाचून दाखवलं की तुम्हा सगळ्यांना इथून हलवलं जातंय. स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया स्वतः ग्रोझ्नीला येऊन बसला होता. चेचेन आणि त्यांचे भाऊबंद इंगुश मिळून पाच लाखांच्या आसपास माणसं काही दिवसांत गुरांच्या डब्यांत भरून कझाकस्तान आणि किर्गिझियाला पाठवली, ऐन हिवाळ्यात, आणि रस्त्यात नि पहिल्या काही वर्षांत त्यांतली पाव ते एक तृतीयांश मेली असं इतिहासकार मानतात. कारण काय दिलं, तर हे लोक जर्मनांना सामील होते. आता जर्मन फौजा त्या प्रजासत्ताकाच्या पार कडेला मालगोबेकपर्यंत आल्या होत्या, त्यापुढे आल्याच नाहीत, आणि तिकडे स्टालिनग्राडला खानपाशा नुरादिलोव नावाचा चेचेन मशीनगनवाला मेला होता ज्याला सोव्हिएत सरकारनेच १९४३ मध्ये सर्वोच्च किताब दिला. किताब दिल्याला वर्ष होत नाही तोवर त्याचे लोक डब्यात.

कझाकस्तानात ह्या 'लढवय्यां'नी काय केलं? लढायला काही नव्हतंच हातात. त्यांनी मुलांना भाषा शिकवली, तेइप लक्षात ठेवले, सात पिढ्यांची नावं पाठ करून घेतली, झिक्र केलं. विस हाजी नावाच्या माणसाने तिथे, त्या माळरानावर, नवी शाखा सुरू केली ज्यात बायकाही झिक्रला होत्या. आणि १९५७ मध्ये परत जायची परवानगी मिळाली तेव्हा कित्येक घरांनी आपल्या मेलेल्यांची हाडं उकरून, गाठोड्यात बांधून, आगगाडीने गावी आणली आणि डोंगरात पुरली. हा प्रतिकार आहे. ह्यात एक गोळी झाडलेली नाही, पण ह्याच्याइतकं ठाम 'नाही' मला इतिहासात फार कमी ठिकाणी दिसतं. गावी आल्यावर बघितलं तर त्यांच्या कबरींचे दगड उपटून रस्त्याला, घरांच्या पायांना, गोठ्यांना वापरलेले.

झोखार दुदायेव त्या डब्यात तान्हं बाळ होता, अस्लान मस्खादोव कझाकस्तानातच जन्मला. एक सोव्हिएत हवाई दलात जनरल झाला, एक तोफखान्यात कर्नल, एक एस्टोनियात नेमणुकीवर होता, एक लिथुआनियात, आणि तिथे छोटी राष्ट्रं स्वतंत्र होताना दोघांनी जवळून बघितलं. १९९१ मध्ये चेचन्याने स्वातंत्र्य जाहीर केलं त्यामागे हे सगळं होतं. दुदायेवचा कारभार चांगला होता असं मी म्हणणार नाही, तो नव्हता, संसद त्याने बळाने बंद केली, अर्थव्यवस्था कोसळली. पण डिसेंबर १९९४ मध्ये रशियाने रणगाडे घातले त्याचं समर्थन त्यातून होत नाही. संरक्षणमंत्री ग्राचेव म्हणाला होता की एक पॅराशूट रेजिमेंट दोन तासांत काम करेल. नववर्षाच्या रात्री ग्रोझ्नीत घुसलेल्या मायकोप ब्रिगेडचा स्टेशनजवळ धुव्वा उडाला, कोवळी रशियन पोरं होती ती, त्यांना नकाशे पण धड दिले नव्हते. मग शहरावर आठवडेच्या आठवडे तोफा आणि विमानं, आणि त्यात मेलेले कितीतरी लोक रशियन वंशाचेच म्हातारे होते, ज्यांना डोंगरात पळून जायला गाव नव्हतं.

त्याच डिसेंबरात हजारो चेचेन बायका हायवेवर हातात हात धरून साखळी करून उभ्या राहिल्या. आणि पुढे रशियन सैनिकांच्या आया आपली बेपत्ता पोरं शोधत तिथे आल्या तेव्हा चेचेन बायकांनी त्यांना घरात ठेवून घेतलं, जेवू घातलं, बरोबर फिरल्या. हे फोटो रीलमध्ये येत नाहीत. ऑगस्ट १९९६ मध्ये दीड हजाराच्या आसपास लढवय्ये ग्रोझ्नीत परत शिरले आणि कित्येक पटींनी मोठ्या रशियन फौजेला कोंडून धरलं, खासावयुर्तचा करार झाला, रशिया मागे हटला, ते सगळ्यांना माहीत असतं. पण मला वाटतं ती रुमालाची परंपरा त्या हायवेवर जास्त दिसली.

आता जे बोलायला जड जातं ते. १९९६ नंतर चेचेन लोकांच्या हातात तीन वर्षं होती. मस्खादोव जानेवारी १९९७ मध्ये रीतसर निवडणुकीत जिंकला, आणि तरीही देश टोळ्यांच्या हातात गेला. खंडणीसाठी अपहरण हा धंदा झाला. त्याआधीच डिसेंबर १९९६ मध्ये नोव्ये आतागीच्या दवाखान्यात रेड क्रॉसच्या सहा जणांना झोपेत मारलं, पाहुणे होते ते, चेचेन जखमींची सेवा करायला आलेले. चेचेन कमांडर शामिल बसायेवने १९९५ मध्ये बुद्योनोव्स्कला हॉस्पिटल ओलीस धरलं होतं, शंभरावर माणसं मेली, आणि त्याला तेव्हा हिरो केलं गेलं, ती मोठी चूक होती. तिथून चालत चालत बेसलानपर्यंत पोचलो, सप्टेंबर २००४, ओलीस धरलेली शाळा, ३३४ मेले, त्यात १८६ मुलं. 'त्यांच्यावरही अत्याचार झाले होते' असं म्हणून ह्यावर पांघरूण घालणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. ज्या आदतमध्ये पाहुणा आणि बाई आणि मूल ह्यांच्यापाशी हत्यार थांबतं त्या आदतचा हा खून होता, आणि तो स्वतःला चेचेन वीर म्हणवणाऱ्यांनी केला. मस्खादोवने बेसलानचा निषेध केला होता हे नोंदवलं पाहिजे.

पण जे लोक बेसलान म्हणतात आणि फाईल बंद करतात त्यांच्याशीही माझं जमत नाही. ५ फेब्रुवारी २००० ला रशियन विशेष पोलिसांनी ग्रोझ्नीच्या कडेच्या नोव्ये आल्डी वस्तीत घरोघरी जाऊन पन्नासहून जास्त नागरिक मारले, म्हातारे, बायका, त्यात बरेच लोक कागदपत्रं हातात घेऊन दारात उभे होते. तेच आल्डी, शेख मन्सूरचं. २१५ वर्षांनी त्याच गावात तेच. दुसऱ्या युद्धात हजारो माणसं नुसती गायब झाली, रात्री गाडी यायची आणि माणूस न्यायची. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ह्या सगळ्यात रशियाला दोनशेहून जास्त निकालांत दोषी धरलं. हे लिहिणारी ॲना पोलित्कोव्स्काया २००६ मध्ये मारली गेली, गायब झालेल्यांच्या याद्या करणारी नतालिया एस्तेमिरोवा २००९ मध्ये ग्रोझ्नीत घरासमोरून उचलली आणि त्याच दिवशी तिचं प्रेत इंगुशेतियात सापडलं.

आणि ह्या युद्धातून कादिरोव घराणं वर आलं. बाप अखमत कादिरोव मुफ्ती होता, पहिल्या युद्धात रशियाविरुद्ध जिहाद म्हणणारा, दुसऱ्यात मॉस्कोच्या बाजूला गेला. त्याची कारणं समजून घेता येतात, लोक थकले होते, बाहेरून आलेले वहाबी त्याच्या सूफींना काफर म्हणत होते. पण मुलाने जे उभं केलं ते बघा. ज्या समाजात राजा नव्हता तिथे रस्त्यारस्त्यावर एका कुटुंबाच्या तसबिरी. ज्याने टीका केली त्याला टीव्हीवर आणून माफी मागायला लावायची, म्हाताऱ्यांना पण. बंडखोराच्या नातेवाइकांची घरं जाळायची. जानेवारी २०२२ मध्ये एका निवृत्त न्यायाधीशाच्या आजारी बायकोला, मुलं विरोधात बोलतात म्हणून, रशियातल्या दुसऱ्या शहरातल्या घरातून ओढून चेचन्यात नेलं आणि तुरुंगात टाकलं. रुमाल टाकणाऱ्या बाईपाशी थांबणाऱ्या लोकांचा हा नेता म्हणे. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्रोझ्नीत बायका आपली माणसं युक्रेनला पाठवू नका म्हणून रस्त्यावर जमल्या, त्यांनाही उचलून नेलं.

म्हणून माझी साधी मागणी आहे. मराठी बातम्यांत 'चेचेन फौज युक्रेनमध्ये' असं छापतात ते बंद करा, 'कादिरोवची फौज' लिहा. कारण समोरच्या बाजूलाही चेचेन आहेत, एका बटालियनचं नाव शेख मन्सूर आहे आणि एकाचं झोखार दुदायेव. आणि रक्तात लढाई वगैरे भाषा आपण तरी करू नये. इंग्रजांनी आपल्याकडे एका हाताने 'लढाऊ जातीं'ची यादी केली आणि दुसऱ्या हाताने १८७१ च्या कायद्याने 'जन्मजात गुन्हेगार' जमातींची, पारध्यांसारखे समाज त्यात अजून भोगतायत. दोन्ही याद्या वापरून घेण्यासाठीच होत्या. चेचेन माणूस मॉस्कोला नको असतो तेव्हा डाकू असतो आणि हवा असतो तेव्हा लढवय्या.

दुदायेवने १९९० च्या दशकात रस्त्यांतून, घरांच्या पायांतून कबरीचे ते उखडलेले दगड गोळा करून ग्रोझ्नीत स्मारक केलं होतं, त्यावर लिहिलेलं होतं, आम्ही मोडणार नाही, रडणार नाही, विसरणार नाही. कादिरोवने २३ फेब्रुवारीचा शोकदिवस हलवून १० मेला नेला, त्याच्या बापाच्या दफनाच्या दिवशी. फेब्रुवारी २०१४ मध्ये, निर्वासनाला सत्तर वर्षं होत असताना, ते दगड तिथून काढले. त्याच महिन्यात रुस्लान कुताएव नावाच्या कार्यकर्त्याने त्या निर्वासनावर एक परिषद घेतली, लोक आले, भाषणं झाली. दोन दिवसांनी त्याला पकडलं, खिशात ड्रग्ज सापडले म्हणून सांगितलं, आणि कोठडीत मारहाण झाल्याचं त्याने कोर्टात सांगूनही जवळजवळ चार वर्षं आत ठेवलं. हजारो तरुणांच्या हातात स्वतःहून रायफली देणाऱ्या राजवटीला एका हॉलमध्ये बसून इतिहासावर बोलणारी माणसं चालली नाहीत.